यादवीनंतरचे राज्य : खुर्ची कोणाला, तिजोरी कोणाकडे

शहाद्याला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने माझ्याकडे तीन प्रश्न पाठवले आहेत. यादवी युद्ध संपलेल्या देशात आधी निवडणूक घ्यावी, आधी खटले चालवावेत, की आधी शाळा आणि रस्ते उभे करावेत, हा पहिला. ज्यांच्या हाताला रक्त लागले आहे त्यांना मंत्रिमंडळात बसवणे योग्य का, हा दुसरा. असा देश मार्गी लागायला किती काळ लागतो, हा तिसरा. मी नोकरीचा मोठा काळ धुळे-नंदुरबारकडे महसूल खात्यात काढला आणि पुढे पश्चिम आफ्रिकेत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत नागरी व्यवहार विभागात काम केले. त्यामुळे माझे उत्तर तहसील कचेरीच्या खिडकीतून पाहिल्यासारखे असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात दडलेले आहे. दोन्ही बाजू थकून तहावर येतात तेव्हा एकाही बाजूचा पुरता पराभव झालेला नसतो, आणि ज्याच्याकडे अजून बंदुका आहेत त्याला सत्तेत काहीही न देता घरी जा असे सांगता येत नाही. म्हणून खुर्ची द्यावी लागते. माझे म्हणणे एवढेच आहे, की खुर्ची द्यावी, पण खाणींचे उत्पन्न, सैन्याचे पगारपत्रक आणि जमिनीचे दफ्तर या तीन गोष्टी कोणत्याही सेनापतीच्या एकट्याच्या हाती पडू देऊ नयेत. यादवीनंतरच्या राजकारणात पुढे जे बिघडते, त्यातले बरेचसे या तीन ठिकाणी बिघडते.

सिएरा लिओनचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तिथे १९९१ मध्ये सुरू झालेल्या युद्धाचे इंधन पूर्वेकडच्या जिल्ह्यांतले हिरे होते. जुलै १९९९ मध्ये टोगोच्या लोमे शहरी जो करार झाला, त्यात बंडखोरांचा म्होरक्या फोदे संकोह याला माफी मिळाली, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा मिळाला आणि वर देशाच्या खनिज संपत्तीची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपदही मिळाले. दर्जा दिला ते समजण्यासारखे होते; खाणी दिल्या हे समजण्यासारखे नव्हते, कारण ज्या पैशावर त्याची फौज जगत होती तोच पैसा आता सरकारी शिक्क्यासह त्याच्याकडे चालून येणार होता. दहा महिन्यांत, मे २००० मध्ये, त्याच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे पाचशे शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुन येथे वेढ्यात अडकलेल्या भारतीय जवानांना सोडवण्यासाठी जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी' करावे लागले, हे आपल्याकडे थोड्यांना आठवते. त्या देशात युद्ध संपल्याची घोषणा जानेवारी २००२ मध्ये झाली.

शेजारच्या लायबेरियात याच धड्याचा उपयोग झाला, जरी उशिरा आणि अर्धवट. ऑगस्ट २००३ च्या अक्रा करारात लढणाऱ्या गटांनी मंत्रालये आणि सरकारी महामंडळे वाटून घेतली आणि दोन वर्षे जे व्हायचे तेच झाले. बंदर, विमानतळ, जंगल खाते, जिथे रोख जमा होते तिथे गळती. तेव्हा २००५ मध्ये देणगीदार देशांनी अट घातली, की महत्त्वाच्या महसुली संस्थांत सरकारी अधिकाऱ्याच्या सहीशेजारी बाहेरून नेमलेल्या तज्ज्ञाची सही असल्याशिवाय पैसा बाहेर पडणार नाही. या व्यवस्थेवर सार्वभौमत्वाच्या नावाने पुष्कळ टीका झाली आणि ती टीका पूर्ण चुकीची नव्हती. स्वतंत्र देशाच्या कोषागारात परक्याची सही हा अपमानच आहे. तरीही नंतर निवडून आलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ यांनी ती मोडली नाही, कारण दोन सह्यांच्या धनादेशामुळे मंत्र्याला आपल्या जुन्या सोबत्यांना "माझ्या हातात नाही" असे सांगता येते. ही सोय किती मोलाची असते, हे ज्याने सरकारी पैसा हाताळला आहे त्याला समजेल.

आता पगारपत्रकाकडे येतो. युद्ध संपले की लढणाऱ्यांची संख्या वाढते. हे विचित्र वाटेल, पण पैसा मिळणार असे कळताच भाचे, पुतणे, सालदार, सगळे सैनिक होतात. लायबेरियात एक बंदूक किंवा दीडशे काडतुसे जमा करणाऱ्याला दोन हप्त्यांत तीनशे डॉलर मिळणार होते. डिसेंबर २००३ मध्ये राजधानी मन्रोव्हियाबाहेरच्या एका छावणीत हे काम पुरेशा तयारीविना सुरू केले, पैसे त्याच दिवशी हवेत म्हणून दंगल उसळली आणि काम थांबवून एप्रिल २००४ मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. शेवटी एक लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली आणि शस्त्रे जमा झाली ती अठ्ठावीस हजारांच्या आसपास. मधला फरक कुठून आला, हे छावणीच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कमांडर आपल्याजवळची काडतुसे हवी त्याला वाटत आणि मिळालेल्या पैशातून आपला वाटा कापून घेत. ज्या बायका पाच-सहा वर्षे फौजेबरोबर फिरल्या, ज्यांनी रांधले, ओझी वाहिली, जखमी सांभाळले, आणि ज्यांना बळजबरीने ठेवले होते, त्यांच्यापैकी अनेकींकडे बंदूक नव्हती आणि कमांडरची मर्जीही नव्हती. नियम पुढे सैल झाले आणि हजारो स्त्रियांची नोंद झाली, पण रांगेत येण्याआधीच निघून गेलेल्यांचा हिशेब कोणाकडेही नाही.

मोझांबिकने हे काम जास्त शहाणपणाने केले. यादवी संपवणाऱ्या १९९२ च्या रोम करारानंतर नव्वद हजारांच्या घरात सैनिक मोकळे झाले. त्यांना एकदम रक्कम देण्याऐवजी सुमारे दोन वर्षे हप्त्याने पैसे दिले, आणि तेही सैनिकाने स्वतः निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँक शाखेतून. यात दोन गोष्टी साधल्या. एक तर पैसा कमांडरच्या हातून जात नाही, म्हणून त्याची पकड सुटते. दुसरे म्हणजे दर हप्त्याला ज्या गावी जावे लागते तिथेच माणूस हळूहळू घर बांधतो. एकत्रित सैन्य तीस हजारांचे ठरले होते, पण बारा हजारांच्या आसपासच लोक पुढे आले. बाकीच्यांना लढण्याचा कंटाळा आला होता. रेनामो या बंडखोर संघटनेला पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी संयुक्त राष्ट्रांनी वेगळा निधी काढला, त्यात कार्यालये, गाड्या आणि कपडेही आले. अनेकांनी याला लाच म्हटले. असेल. पण ती उघड, मोजलेली आणि मुदतीची होती, खाणीसारखी न संपणारी नव्हती.

याच्या उलट टोकाला दक्षिण सुदान आहे. सुदान सरकारशी झालेल्या २००५ च्या शांतता करारानंतर तेलाचा पैसा येऊ लागला आणि जो सेनापती धमकी देईल त्याला पद आणि त्याच्या माणसांना पगार देऊन शांत करायचे, असा प्रघात पडला. २००६ मध्ये पाउलिनो मातिप या सेनापतीची मोठी फौज अशाच रीतीने सामावून घेतली. सैन्याच्या यादीवर दोन लाखांहून अधिक नावे चढली, त्यातली किती माणसे प्रत्यक्षात होती हे कोणी तपासू शकत नव्हते, आणि प्रत्येक तुकडी आपल्या सरदाराचीच राहिली. डिसेंबर २०१३ मध्ये राजधानी जुबामध्ये फूट पडली तेव्हा ते सैन्य एका रात्रीत जुन्या ओळींवर दुभंगले. इराकमध्ये मे २००३ मध्ये नेमके विरुद्ध केले, सगळे सैन्यच एका आदेशाने बरखास्त केले. त्याचे परिणाम सर्वांना माहीत आहेत आणि त्यावर इथे वेळ घालवत नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना हे दूरचे वाटत असेल, तर त्यांना खानदेशाचा १८१८ नंतरचा इतिहास वाचायला द्यावा. ते यादवी युद्ध नव्हते, परक्या सत्तेने मुलूख जिंकून बसवलेली घडी होती, आणि हा भेद विसरू नये. तरी पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत उद्ध्वस्त झालेला मुलूख, पगार थकलेली अरब शिबंदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, आणि वाटा व घाट राखण्याचे परंपरागत हक्क बुडालेले भिल्ल नाईक, ही परिस्थिती यादवीनंतरच्या कोणत्याही देशाला ओळखीची वाटेल. सुरुवातीची काही वर्षे कंपनी सरकारने पलटणी डोंगरात पाठवल्या आणि त्यांतून फारसे निष्पन्न झाले नाही. मग १८२५ मध्ये धोरण बदलले. जुने गुन्हे माफ करणे, शेतीसाठी जमीन, बैल व तगाई देणे यासाठी भिल्ल एजन्स्या काढल्या आणि आउट्रम या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्याशी लढायचे त्यांनाच पगारावर घेणे, हे तंत्र आज संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून आपण नवे म्हणून सांगतो. त्या व्यवस्थेची मर्यादाही इथेच दिसली. सेंधवा घाटाच्या राखणीवर सरकारी नोकरीत असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये उठावात उतरला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. पगार आणि माफी यांनी मुलूख शांत होतो, पण ज्याची जमीन आणि ज्याचा मान गेला आहे त्याचा प्रश्न पगारपत्रकात बसत नाही.

म्हणून जमिनीच्या दफ्तराकडे येतो, आणि इथे जरा थांबणार आहे, कारण परिषदांमध्ये या विषयाला सर्वांत कमी वेळ मिळतो. युद्धात लोक पळतात. त्यांच्या रिकाम्या घरांत आणि शेतांत दुसरे पळून आलेले लोक शिरतात, आणि पाच वर्षांनी दोघेही स्वतःला मालक समजतात. लायबेरियाच्या निंबा प्रांतातले गांटा हे बाजारपेठेचे गाव अशाच वादाने धुमसत राहिले. मांडिंगो व्यापारी परतले तेव्हा त्यांच्या जागांवर गिओ आणि मानो जमातींचे लोक, त्यांत जुने लढवय्येही, दुकाने थाटून बसले होते. कागद जळलेले, खुणा पुसलेल्या, आणि एकाच जागेची दोन-दोन खरेदीखते. देशाचा जमीन हक्क कायदा व्हायला २०१८ साल उजाडले. बोस्नियात मात्र हे काम चिकाटीने झाले. तिथले युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराने दोन लाखांहून अधिक घरांच्या परतीचा प्रश्न पुढे ठेवला. पहिली काही वर्षे नगरपालिकांचे अधिकारी हे दावे दाबून ठेवत, कारण त्यांतले कित्येक स्वतःच दुसऱ्याच्या घरात राहत होते. आंतरराष्ट्रीय उच्चाधिकाऱ्यांनी अशा अधिकाऱ्यांना पदावरून काढायला सुरुवात केली, निर्णयाला क्रमवारी व मुदत घातली, आणि २००४ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक दावे निकाली निघाले. घर परत मिळालेल्या अनेकांनी ते विकले आणि ते आपल्या जमातीच्या भागात राहायला गेले, हेही खरे. गाव पूर्वीसारखे मिसळले नाही. पण घर विकण्यासाठी का होईना, आधी ते आपले आहे हे सरकारने मान्य करावे लागते, आणि त्या मान्यतेने माणसाची सरकारशी पुन्हा ओळख होते.

तुमच्या शहाद्यातच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी सावकार व मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या आदिवासी जमिनींचा प्रश्न उभा केला, आणि जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राला १९७४ मध्ये करावा लागला. जिथे युद्ध नव्हते, तलाठी होता, सातबारा होता, न्यायालय चालू होते, तिथेही फेरफाराच्या वहीत एकदा उतरलेले नाव काढणे किती जड जाते, हे तुमच्या विद्यार्थ्यांच्या आज्यांना विचारले तरी कळेल. मग जिथे वहीच जळली आहे तिथे काय होत असेल, याचा अंदाज करावा.

जमिनीला लागूनच बेपत्ता माणसांचा प्रश्न येतो. नवरा युद्धात नाहीसा झाला. तो मेला असे कोणी सांगत नाही. मृत्यूचा दाखला नाही म्हणून वारसनोंद नाही, पेन्शन नाही, बँकेतले पैसे नाहीत, आणि दीर शेत नांगरून मोकळा होतो. आपल्या कायद्यात सात वर्षे ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत मानता येतो, पण सात वर्षे ती बाई काय खाणार? शिवाय मृत्यूचा दाखला मागणे म्हणजे शोध सोडून देणे, असे अनेकींना वाटते. श्रीलंकेने २०१६ मध्ये मृत्यूच्या दाखल्याऐवजी 'अनुपस्थितीचा दाखला' देण्याची तरतूद केली. माझ्या मते ही त्या देशातल्या युद्धोत्तर कामांतली एक चांगली गोष्ट आहे, आणि नेमकी तीच फारशा चर्चेत नसते.

इथून खटल्यांकडे वळणे सोपे आहे. गुन्हेगारांना शिक्षा आधी की नंतर, असे विचारले तर माझे उत्तर सरळ आहे. शिक्षा नंतर चालेल, नोंद मात्र लगेच हवी. एल साल्वाडोरमध्ये मार्च १९९३ मध्ये सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला आणि पाच दिवसांत संसदेने सर्वांना माफी दिली. तो माफीचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला, आणि तेव्हा आयोगाने नोंदवलेला पुरावा हाताशी होता. लेबनॉनने १९९१ मध्ये माफी दिली, मिलिशियांचे, म्हणजे खासगी सशस्त्र टोळ्यांचे, नेते मंत्री झाले, पण कसलीही अधिकृत नोंद उभी केली नाही. हजारो बेपत्तांच्या आया पुढची कित्येक दशके फोटो घेऊन उभ्या राहिल्या. रवांडाने लाखाहून अधिक कैदी तुरुंगात सडत आहेत हे पाहून सुमारे बारा हजार गावपातळीवरची गचाचा न्यायालये काढली आणि २०१२ पर्यंत जवळजवळ वीस लाख प्रकरणे निकाली काढली. गवतावर बसलेल्या पंचांनी केलेल्या या न्यायात भीती, सूडबुद्धी, खोटी साक्ष हे सगळे होते, आणि विजयी पक्षाच्या अत्याचारांना तिथे जागाच नव्हती. तरीही प्रेत कुठे पुरले आहे, हे पुष्कळ कुटुंबांना तिथेच कळले. नेपाळात २००६ च्या करारात सत्य आणि मेलमिलाप आयोग नेमण्याचे ठरले होते, तो २०१५ मध्ये नेमला गेला, आणि त्याच्या कायद्यातली दुरुस्ती संसदेत मंजूर व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. या मधल्या काळात कित्येक साक्षीदार वारले.

निवडणुकीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. सैन्ये न मोडता घेतलेली निवडणूक धोक्याची असते. अंगोलात सप्टेंबर १९९२ मध्ये तशी घेतली, बंडखोरांचे नेते साव्हिंबी हरले, आणि त्यांची फौज शाबूत असल्याने युद्ध पुन्हा पेटले; २००२ मध्ये साव्हिंबी मारले जाईपर्यंत ते चालले. मोझांबिकने ते पाहून आपली निवडणूक एक वर्ष पुढे ढकलली. लायबेरियात १९९७ मध्ये बंडखोर सेनापती चार्ल्स टेलर यांना लोकांनी प्रचंड मते दिली, ती बहुतेकांनी भीतीने दिली. हा माणूस हरला तर पुन्हा लढेल, हे गणित मतदाराला उत्तम कळते. दुसरी गोष्ट, मला नेहमी वाटते की देशाच्या आधी गावाची निवडणूक घ्यावी. सिएरा लिओनने १९७२ मध्ये बंद केलेल्या स्थानिक परिषदा २००४ मध्ये पुन्हा सुरू केल्या, आणि राजधानीत हरलेल्या पक्षालाही जिल्ह्यात काहीतरी मिळू लागले. आपल्याकडे विधानसभा हरलेला माणूस जिल्हा परिषदेत किंवा साखर कारखान्यात टिकून राहतो, म्हणून तो पाच वर्षे थांबतो.

शाळा आणि रस्ते यांबद्दल ताई, एकच गोष्ट लक्षात ठेवा. इमारत देणगीदार बांधून देतात, मास्तरांचा पगार देत नाहीत. शिवाय परदेशी मोहीम येते तेव्हा तिच्या चालकाला मिळणारा पगार सरकारी शिक्षकाच्या कित्येक पट असतो, आणि इंग्रजी येणारे शिक्षक, परिचारिका, कारकून सारे तिकडे जातात. आम्ही राज्य उभारायला गेलो होतो आणि त्याची उरलेली माणसे आम्हीच उचलली, असे मी तिथल्या सहकाऱ्यांना म्हणत असे; ते हसत, पण माणसे परत देत नसत.

तिसरा प्रश्न, किती काळ लागतो. संयुक्त राष्ट्रांची लायबेरियातली मोहीम २००३ मध्ये आली आणि मार्च २०१८ मध्ये गेली. त्याच वर्षी जानेवारीत एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे सत्ता शांततेने गेली, आणि असे त्या देशात सत्तर वर्षांहून अधिक काळात झाले नव्हते. युद्धगुन्ह्यांचे न्यायालय उभारण्यासाठी कार्यालय काढण्याचा आदेश मात्र मे २०२४ मध्ये निघाला, म्हणजे युद्ध संपून वीस वर्षे उलटल्यावर. मधल्या काळात एका टोळीचा म्होरक्या प्रिन्स जॉन्सन मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलेला सिनेटर होता आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खटल्याविना वारला. मोझांबिकची गोष्ट आणखी लांबते. रेनामोने आपले काही सशस्त्र लोक रोम करारानंतरही सोडले नव्हते, २०१३ मध्ये पुन्हा गोळीबार सुरू झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये मापुतो येथे नवा करार झाला, आणि गोरोंगोसाच्या डोंगराळ भागातला त्यांचा शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. पहिल्या करारानंतर एकतीस वर्षांनी खाली उतरलेल्या या पाच हजारांवर लढवय्यांनी मंत्रिपदे मागितली नव्हती. सरकारशी त्यांची बोलणी अडली होती ती पेन्शनच्या यादीवर, आणि त्या यादीत कोणाचे नाव घालायचे हे ठरवण्याचे काम तळ बंद झाल्यावरही तिथल्या कारकुनांच्या टेबलावर चालू होते.